पाच दिव्यांचे दार

एकदा एक मोबाईल दुरुस्त करणारा माणूस आपल्या गुरूकडे गेला. गुरू म्हणजे कोणी मठातला नव्हे. पेठेच्या टोकाला चाळीस वर्षे टीव्ही उघडून बसलेला, चौथीतून शाळा सोडलेला म्हातारा. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार. शिष्याच्या हातात पहिला पेचकस त्यानेच दिला होता. आता शिष्य चाळिशीला आलेला, त्याचे स्वतःचे दुकान. तरी मनाला काही खुपले की पावले इकडेच वळत.

“तोंड का पाडलंस?” म्हाताऱ्याने मान वर न करता विचारले.

शिष्याने खिशातला फोन पुढे केला. त्यात एक खेळ होता. लहानपणी तो आणि धाकटा भाऊ कॉम्प्युटरवर खेळत तोच. बेटावरचा ओसाड किल्ला, एकेक कोडे सोडवायचे, एकेक दार उघडायचे. खेळाच्या कंपनीने आता तो नव्याने रंगवून, आवाज साफ करून मोबाईलवर आणला होता.

“अण्णा, यात पाच दिव्यांचं एक दार आहे. दिवे ठरावीक क्रमानं लावायचे. दर वेळी क्रम वेगळा. या दारापाशी आम्ही दोघं अख्खी मे महिन्याची सुट्टी अडकलो होतो. काल मी ते बसल्या बसल्या उघडलं.”

“मग पेढे वाट.”

“पेढे कसले. दिवे रंगीत आहेत, आणि तेच रंग समोरच्या भिंतीवर ओळीनं दिलेत. उत्तर डोळ्यांपुढे होतं. आमचा पडदा काळा-पांढरा, आम्हाला सगळंच राखाडी दिसायचं.”

“तो पडदा मीच दिला होता. भंगारातून जोडून.”

“सुट्टी फुकट गेली बघा. मूर्ख होतो दोघं.”

‘दोघं’ म्हणताना त्याचा आवाज अडखळला. सहा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा धाकटा दूरच्या शहरातून उशिरा पोचला होता. तेराव्याला थोरला चारचौघांत बोलून गेला, “आता कशाला आलास?” धाकटा पानावरून उठला आणि गेला. त्यानंतर ना फोन, ना निरोप. गेला आठवडाभर शिष्य रोज हा खेळ उघडून बसत होता. त्या सुट्टीतले काहीतरी त्यात परत सापडेल असे त्याला वाटत होते. दारे भराभर उघडत होती, आणि ते सापडत नव्हते.

म्हाताऱ्याने फोन उलटसुलट करून पाहिला. “याचा रंग उतरव.”

“म्हणजे?”

“रंग काढून टाक. कळ असेल ना कुठेतरी? का मीच शिकवू तुला मोबाईल?”

शिष्याला उलगडा होईना. पण गुरूचा शब्द. त्याने पडदा काळा-पांढरा केला. किल्ला, भिंत, दिवे, सारे राखेसारखे झाले.

“खेळ त्या दारापासून परत लाव. आता उघड ते दार.”

“कसं उघडू? रंगच नाहीत.”

“तेव्हा कसं उघडलंत?”

“धाकट्यानं उघडलं. हात लावला की प्रत्येक दिवा वाजतो, आणि दारावरचा पक्षी पाच सुरांची शीळ घालतो. तो डोळे मिटून सूर जुळवायचा, मी दिवे लावायचो.”

“मग जुळव.”

शिष्याने पक्ष्याला दहा वेळा गायला लावले. दोन सुरांतला फरक काही कळेना. “मला कान नाही, अण्णा.”

तेव्हा म्हाताऱ्याने चष्मा काढला. “टीव्ही दुरुस्तीला आला की मी आधी त्याचा रंग पूर्ण उतरवत असे. गिऱ्हाईक घाबरायचं. पण रंग चालू असला की चित्रातला दोष झाकला जातो. काळं-पांढरं चित्र स्वच्छ लागलं, की रंग मागाहून कधीही सोडता येतो. तुझ्या खेळाला त्या लोकांनी रंग दिला तो उत्तमच दिला. त्यात नुसत्या डोळ्यांनी भागतं, म्हणून तू एकटा पुरलास. आणि एकटा पुरलास म्हणूनच तुला करमेना. आता रंग नाही. बघ कोण कमी पडतंय.”



म्हाताऱ्याने स्वतःचा बटणांचा फोन काढला. “नंबर सांग.”

शिष्याने दहाच्या दहा आकडे न थांबता सांगितले. सहा वर्षांत त्याने तो नंबर एकदाही लावला नव्हता.

घंटी वाजली. “हॅलो, कोण?”

 म्हाताऱ्याने स्पीकर लावून फोन शिष्यापुढे धरला आणि डोळे वटारले. मग शिष्याने खेळातले पाच दिवे एकेक करून वाजवले आणि पक्ष्यावर बोट ठेवले. पक्ष्याने शीळ घातली.

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“दादा, अजून तिथंच अडकलायस?”

“हो रे. मला नाही जमत.”

“परत वाजव,” धाकटा म्हणाला. “हां. आधी चौथा. मग पहिला. सावकाश, तुला घाईच फार.”

शिष्य दिवे लावत गेला. त्याला पडदा धड दिसत नव्हता, पण सांगणारा होता. पाचव्या दिव्यानंतर धाकटा विचारत होता, “आईचे गुडघे कसे आहेत?” आणि थोरला सांगत होता. दार उघडलेले फक्त म्हाताऱ्याने पाहिले.

ज्याला जुने काही आठवून हुरहूर लागते, त्याने एकदा त्या आठवणीचा रंग उतरवून बघावा आणि शेजारी कोण बसले होते ते आठवावे.