निळा पडदा

"दोष कार्डाचा की ड्रायव्हरचा, एवढंच सांगा, बाई."

शार्दूल दारातूनच विचारत होता. मिरजेत कृत्रिम हात बनवणाऱ्या एका कार्यशाळेचे संगणक तो सांभाळायचा. सगुणाबाई केंगारांनी त्याला आयटीआयमध्ये शिकवलं होतं. आता त्या निवृत्त होत्या.

"तू काय काय केलंस?"

"सगळं बरोबर केलंय. नवं ग्राफिक्स कार्ड लावलं. ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे कंपनीचाच ड्रायव्हर, सात वेळा बसवला. तरी संगणक म्हणतो, कार्ड सापडत नाही. माझ्या हातून असं कधी होत नाही."

"अडलंय कोणाचं?"

"जुलेखाचं. दहा वर्षांची आहे. तिच्या हाताचा आराखडा पडद्यावर उघडतच नाही. सोमवारी शाळा... त्याआधी हात देतो, असा मी शब्द देऊन बसलोय."

बाईंनी चपला घातल्या.

कार्यशाळेत जुलेखा आईजवळ बसली होती. बाई संगणकापाशी उभ्या राहिल्या.

"आठव्यांदा बसव."

शार्दूलची बोटं सरसर चालली. मध्येच संगणकाने पासवर्ड मागितला. त्याने काहीतरी टाकलं.

"काय टाकलंस?"

"असंच. मागतो म्हणून द्यायचा."

"लक्षात राहील असा टाक."

त्याने मुकाट्याने बदलला. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. निळा पडदा आला. त्यावर चार ओळी.

शार्दूलचं बोट एंटरकडे गेलं. बाईंनी मनगट धरलं.

"हात मागे बांध."

"बाई, हा पडदा दर वेळी येतो. एंटर मारला की जातो."

"आज राहू दे."

त्याने हात मागे घेतला.

"वाच. आणि मराठीत सांग."

त्याला हसू आलं. मग तो वाचू लागला.

"पहिली ओळ... पुढे जा. दुसरी... नवी चावी नोंदवा. म्हणजे हा नवा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याला आत घेऊ का, असं..."

तो थांबला.

"मी दर वेळी पहिलीवरच एंटर..."

बाईंनी फक्त मान हलवली.

त्याने दुसरी ओळ निवडली. संगणकाने पासवर्ड विचारला. त्याने मघाचाच दिला.

थोड्या वेळाने पडद्यावर हात उमटला. शार्दूलने तो माऊसने फिरवला. तळवा, मनगट, पाचही बोटं.

"जुलेखा, इकडे ये!"

ती आली. बराच वेळ बघत राहिली.

"नखं पण येतील?"

"येतील."

ती आईला सांगायला पळाली. शार्दूल खुर्चीतच बसून राहिला.

"बाई... कार्ड चांगलं होतं. ड्रायव्हर चांगला होता. मग इतके दिवस मी करत काय होतो?"

"प्रश्न न वाचताच उत्तरं देत होतास."