बसून राहिलेला वृद्ध

एकदा अमेरिकेतल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांच्या एका गावात नव्या अमेरिकी सरकारचा प्रतिनिधी जमीन मागायला आला. थोडीथोडकी नव्हे, नदीकाठचे अख्खे खोरेच त्याला हवे होते. गावातला एक ज्ञानी वृद्ध सभेत बसला आणि त्याचा तरुण शिष्य दुभाष्या म्हणून उभा राहिला. शिष्याच्या आईचे मक्याचे शेत त्याच खोऱ्यात होते.

त्या लोकांची एक रीत होती. पाहुण्याला तोंडावर नकार द्यायचा नाही. बोलणे पटले नाही तर मुकाट्याने उठून बाहेर जायचे. जो बसून राहील त्याचा होकार. ही रीत शिष्याला वृद्धानेच शिकवली होती.

प्रतिनिधीचे गोड भाषण संपले, तशी माणसे उठू लागली. शिष्याची आईही गेली. उरले आदल्या दिवशी प्रतिनिधीकडून बंदुका भेट मिळालेले दोन-चार सरदार, आणि तो वृद्ध. तो हलेना. शिष्य पुरता गोंधळला. यांना ऐकू गेले नाही की काय? की यांनाही बंदूक मिळाली? या शंकेची त्याला लाज वाटली, पण ती मनातून जाईना.

प्रतिनिधीने खुशीत करारनामा पुढे सरकवला.

“त्यांना सांग,” वृद्ध म्हणाला, “माझा नकार आहे.”

शिष्य प्रतिनिधीशी न बोलता वृद्धाकडे वळला. “आजोबा, पाहुण्याला तोंडावर? आणि नकारच होता, तर उठला का नाहीत?”

“बाळा, मागे शिकारीचं रान मागायला आले, तेव्हा मी उठून गेलो होतो. आपलं उठणं म्हणजे नकार, हे यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर आपण जाईपर्यंत हे थांबतात. मग उरलेल्यांच्या सह्या घेतात आणि सगळ्या गावाची संमती म्हणून लिहितात. आपली रीत आपल्या माणसांत शोभते. इथे ती पाळली, तर तुझ्या आईचं शेत जाईल. जन्मात कुणाला तोंडावर नाही म्हटलं नाही मी. फार अवघड वाटतंय. पण सांग.”

शिष्याने सांगितले. प्रतिनिधीचे हसू मावळले.

बाहेर उभ्या असलेल्यांनी ते ऐकले. आधी शिष्याची आई आत आली आणि त्या नकाराला साथ द्यायला वृद्धाशेजारी बसली. मागोमाग बाकीचे आले. दुभाष्याने उभे राहायचे असते. तरी शिष्यही त्यांच्यात जाऊन बसला.

उठून जाण्यात सभ्यता आहे खरी. पण आपल्यामागे तिथे कोण उरते आहे, ते दारातून एकदा वळून पाहावे.