विसरलेला हौद

"म्हणजे चव झाडाची की हाताची, अब्बा? एवढंच सांगा."

अब्बा तेमाम चिमट्यानं निखारे सारखे करत राहिले.

"जमीन, उंची, बियाणं... की फळ तोडल्यावर माणूस त्याचं काय करतो, ते?" शफी परकारनं पुन्हा विचारलं. "सगळा जन्म कॉफीच्या धंद्यात गेला, पण हे एक काही ठरत नाही."

"मोंबासाहून जिम्म्यापर्यंत हे विचारायला आलास?"



इथिओपियातल्या जिम्मा गावाबाहेर एक टेकडी आहे. तिच्यावर पिराची कबर, कबरीमागे कॉफीची थोडी झाडं. अब्बा एके काळी गावातल्या वखारीत कॉफी चाखायचं काम करत. आता कबरीची झाडलोट करायची आणि येईल त्याला कॉफी पाजायची, एवढंच उरलं होतं. शफी तरुणपणी पोती खरेदी करायला आला तो यांच्या पायाशी बसूनच चाखायचा चमचा धरायला शिकला.

आणि शिकला तो असा, की पुढे केनियात, मोंबासाच्या बाजारात त्याच्या जिभेचा दरारा झाला. पणजोबा दाभोळहून गलबतानं तिकडे गेलेले, त्यामुळे घरची बोली कोकणी आणि चवीची नावंही घरचीच. बाकीचे चाखणारे कसल्या कसल्या विलायती फळांची नावं घेत, तिथे हा सरळ जांभूळ म्हणे, करवंद म्हणे. एकदा भर लिलावात भुरका मारून म्हणाला, "ही कॉफी कांद्याच्या पोत्याला टेकून झोपली होती." लोक हसले. लॉरीवाल्याला विचारलं, तर खरंच वाटेत त्यानं कांदे भरले होते.

अशा माणसाला कोणी काही शिकवावं, हे सोपं नसतं.

"पोरगा कसा आहे, इद्रिस?" अब्बांनी विचारलं.

"तुरुंगात आहे."

अब्बांचा चिमटा थांबला.

"दारू पिऊन ट्रक चालवला. रस्त्याच्या कडेला कारिसा होता. आमच्याच गोदामातला हमाल... उडवलं त्याला. तेव्हा जिवंत होता, अब्बा. इद्रिसनं गाडी थांबवली नाही. उजाडेपर्यंत तो तिथेच पडून होता."

"मग?"

"मग मेला."

"तू गेला होतास?"

"मयतीला गेलो. त्याच्या आईपुढे मान वर करता आली नाही."

"मुलाकडे?"

"नाही. आणि जाणारही नाही." शफीचा आवाज चढला. "गुरुवारी कोर्टात शिक्षा सुनावणार आहेत. वकील म्हणतो, बापानं मागे येऊन बसावं. बायकोनं अन्न टाकलंय, म्हणते त्याच्याकडे घेऊन चला मला. मी सांगितलं, या घराचा आणि त्याचा संबंध संपला."

तुरुंग शफीच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होता. तिकडे न जाता माणूस सगळा मुलूख ओलांडून इथे आला होता.

"बीज माझं नाही, अब्बा. तुम्हाला ठाऊक आहे. अनाथाश्रमातून उचलून आणलेलं पोर. कुठल्या मातीतलं, कुणाचं, अल्ला जाणे. मातीच वाईट, तिथे मी काय करणार? तुम्ही फक्त म्हणा की माझं बरोबर आहे. मी घरी जाऊन तिला तसं सांगतो."

अब्बांनी निखाऱ्यांवर मातीच्या लहान सुरया मांडल्या होत्या. एकीतून त्यांनी पेल्यात कॉफी ओतली.

"चाख."

शफीनं भुरका मारला. दुःख कितीही असो, जीभ आपलं काम करतेच.

"धुतलेली. फळ सोललं, हौदात भिजवलं, चिकटा सुटला तसं स्वच्छ पाण्यानं धुतलं. लिंबाची साल, मागून मोगरा. झाड उंचावरचं, गारठ्यातलं. फळ सावकाश पिकलंय."

अब्बांनी दुसरी ओतली.

"ही फळासकट उन्हात वाळवलेली. पिकून काळं पडलेलं जांभूळ, थोडा मध... आणि मागून तोच मोगरा." शफी किंचित हसला. "मला फसवू नका. दोन्ही एकाच झाडाच्या आहेत."

"मागच्या झाडाच्या," अब्बा म्हणाले. त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं.

मग त्यांनी तिसरी ओतली.

शफीनं भुरका मारला आणि बाजूच्या गवतात थुंकला.

"मेलीय ही."

"कशानं?"

"हौदात कुजली. चिकटा सुटला की लगेच उपसायची असते. ही तशीच पडून राहिली. कोणी बघायलाच आलं नाही तिच्याकडे."

"माती कुठली?"

"कुजलेल्याला कसली माती?"

"पुन्हा घे."

शफीनं नाखुशीनं चमचा भरला. पण या वेळी घोट तोंडात धरला. डोळे मिटले. सडक्या चामड्याचा वास, त्याखाली आंबूस घाण. त्याच्याही तळाशी काहीतरी बारीक होतं... अगदी बारीक.

त्यानं चमचा खाली ठेवला.

 खालच्या वाटेनं कोणीतरी गाढवं हाकत गेलं.

"मोगरा आहे," शफी म्हणाला.  "झाड तेच आहे."

अब्बा निखाऱ्यांकडे बघत होते.

"हौदाशी कोण होतं?" शफीनं विचारलं.

"मी."

"तुम्ही?"

"तुझ्यासारखे व्यापारी आले होते खाली गावात. माझ्या कॉफीची तारीफ करत होते." अब्बा थांबले. "मी ऐकत बसलो."

शफीनं तोंड पुसलं. उगाचच पुन्हा पुसलं. इद्रिस चालायला लागला तेव्हा तो नैरोबीच्या लिलावात होता. इद्रिसला शाळेतून काढलं तेव्हा तो इथेच होता, जिम्म्यात, याच टेकडीवर. प्रत्येक वेळी घरी परतताना खेळणं न्यायचा. पुढे पुढे नोटा न्यायचा. पोरानं कधी काही मागितलं नव्हतं...

"मग ठेवलीत कशाला ही?" तो एकदम म्हणाला. "फेकून द्या. तुम्हीच शिकवलंत मला. असला एक दाणा सगळं पोतं नासवतो, दिसला की उचलायचा नि फेकायचा, हात कापता कामा नये. तुमचे शब्द आहेत, अब्बा. मी तेच केलं." त्याचा हात कापत होता. "मी तेच केलंय."

"हो. मीच शिकवलं."

अब्बांनी शफीच्या पुढ्यातला पेला उचलला आणि तोंडाला लावला. चेहरा वाकडा झाला, पण पेला खाली आला नाही. तो संपला तशी त्यांनी सुरईतून पुन्हा ओतली, आणि तीही पिऊ लागले.

शफीनं त्यांचं मनगट धरलं.

"पुरे करा. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही... कशासाठी पिताय?"

अब्बांनी हात सोडवून घेतला नाही. नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

"बाजारानं नाकारली, शफी. मग ती घरच्यानंच प्यायची."