पणजोबांचे तीन साक्षीदार

महायुद्धात लढलेल्या शिपायांच्या नावांनी भरलेल्या विजयस्तंभावर बोटभर जागा उरली नव्हती आणि माळणगडच्या राजेसाहेबांना तर आपले पणजोबा त्याच्यावर कोरून हवे होते, तेही शौर्यपदकासकट!

संस्थान विलीन होऊन जमाना झाला होता, पण हुकूम सोडायची सवय काही विलीन झाली नव्हती. त्यातून राजेसाहेबांना मोबाइलचा नाद. त्या दिवशी सकाळी इंटरनेटवर त्यांना पणजोबांचा पराक्रम सापडला. श्रीमंत रायाजीराव म्हणे पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८, फ्रान्सच्या खंदकात लढले. चार वर्षांत एका दिवसाची रजा घेतली नाही, म्हणून सर्वोच्च पदक! ते पदक कुठे गेलं, हे लिहिलं कुणी, असं विचारायची कुणाची छाती? कारभारी नानासाहेब तर नको तितकी मान डोलवत होते.

पाथरवटाच्या दुरपदाला बोलावणं गेलं. वाड्याचं दगडाचं काम तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. सगळ्यांत खालचं नाव तासून टाक आणि तिथे पणजोबांना बसव, असा हुकूम झाला.

सगळ्यांत खालचं नाव होतं शिपाई केरबा पाथरवट. दुरपदाचा पणजा. तो फ्रान्सहून परत आलाच नाही. घरात त्याचा फोटो नव्हता, वस्तू नव्हती. होतं ते दगडातलं एवढं नाव. दर दसऱ्याला आधी आजी, मग आई आणि आता ती स्वतः त्याला झेंडूचं फूल वाहत आली होती. तेच नाव आता तिनंच तासायचं होतं. पण रडून दगड फुटत नाही, हे पाथरवटाच्या लेकीला कुणी सांगावं लागत नाही.

"सरकार, हे खरं कशावरनं?"

"इंटरनेटवर आहे. फोटोसकट."

"फोटो तर आमच्या म्हशीचा बी हाय तिथं. कुणीतरी तिला जातिवंत मुऱ्हा म्हणून विकायला काढलीय."

कारभाऱ्यांनी डोळे वटारले. राजेसाहेब मात्र हट्टाला पेटले. खोटं म्हणतेस ना, मग साक्षीदार आण, म्हणाले. पणजोबांना स्वतःच्या डोळ्यांनी, समोरासमोर बघितलेला. कागद नको, ऐकीव नको. दिवस मावळायच्या आत आणलास तर केरबा राहील, नाही तर छिन्नी चालव.

शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला बघितलेला साक्षीदार! कारभारी गालातल्या गालात हसले. दुरपदाची नजर दिवाणखान्याकडे गेली. तिथल्या फरशा तिनंच बसवल्या होत्या.

"चला सरकार," ती म्हणाली, "दिवस मावळायची वाट कशाला बघायची?"

दिवाणखान्यात भुसा भरलेले तीन वाघ जबडे वासून उभे होते. राजेसाहेबांचा त्यांच्यावर भारी जीव. पाहुणा आला की चहाच्या आधी वाघ! प्रत्येकाखाली पितळी पाटी होती. दुरपदानं पहिली पाटी पदरानं पुसली आणि सरकारांना वाचायला सांगितलं. त्यांनी छाती फुगवून वाचलं, "श्रीमंत रायाजीराव यांनी स्वहस्ते मारला. माळणगडचे रान, सन १९१५." दुसरीवर १९१६. तिसरी वाचताना आवाज जरा उतरला. १९१७.

"हे माझे साक्षीदार," दुरपदा म्हणाली. "यांनी पणजोबास्नी इतकं समोरासमोर बघितलं, की त्यानंतर दुसरं काय बघितलंच न्हाई. आता सरकारांनीच सांगावं. पणजोबा चार वर्षांत एक दिवस रजेवर आलं न्हाईत, मग हे वाघ बोटीनं फ्रान्सला गेलते का? पदक खरं असंल तर या तिन्ही पाट्या खोट्या. छिन्नी हातातच हाय. उखडू?"

राजेसाहेबांनी वाघांकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं. कारभाऱ्यांकडे पाहिलं, तर ते फरशी न्याहाळत होते. मग राजेसाहेब असे काही खदाखदा हसले, की वाघांच्या मिशांवरची धूळ उडाली. मोबाइल कारभाऱ्यांच्या हातात कोंबून त्यांनी फर्मावलं, जिथं लिहिलंत तिथून आत्ताच्या आत्ता पुसा.

दुरपदाला भरजरी शाल मिळाली, आणि केरबाचं नाव वाड्याच्या खर्चानं आणखी खोल कोरायचं काम मिळालं. ती कोरत असताना कारभाऱ्यांनी तिच्या डोक्यावर छत्री धरायची होती.

ती निघाली तेव्हा राजेसाहेबांनी तिला दारात गाठलं. अजून हसू आवरत नव्हतं. इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले, "पोरी, एक कर. हे वाघ खरंच कुणी मारले, त्याची चौकशी तेवढी करू नकोस."