बॉनेटवरची बशी

चढाच्या शर्यतीसाठी हौसा नलवडेला जुन्या जीपला मोठे टायर लावायचे होते, पण पैसे पुरले दोनच टायरांना, तेही जुन्या बाजारातल्या. तिने ते मागे चढवले. झालं, जीप पुढे वाकली!

शर्यतीचे अध्यक्ष खर्डेकर स्वतः नव्याकोऱ्या जीपचे मालक आणि स्पर्धकही. मैदानात त्यांनी हौसाच्या बॉनेटवर चहाने काठोकाठ भरलेली बशी ठेवली. चहा पुढे सांडला.

"बाई, तुमची जीप तर मुजरा करतेय! सरळ उभी राहील तीच गाडी शर्यतीत. नियम म्हणजे नियम."

"कबूल," हौसा म्हणाली. "पण तपासणी शर्यत सुरू होते तिथे करा."

"करू की!"

सुरुवातीची रेघ होती चढावर. तिथे हौसाच्या बॉनेटवर बशी ठेवली, तर चहा जागचा हलला नाही. मग तिने तशीच बशी अध्यक्षांच्या बॉनेटवर ठेवली. चहा थेट काचेकडे वाहत गेला.

हौसाने आपली बशी उचलून फुर्रकन घोट घेतला.

"साहेब, माझी जीप मैदानात मुजरा करते, तुमची चढावर नाक वर करते. नियम म्हणजे नियम. आता बाहेर कोणाची काढायची?"