एक चूक घेऊन जा

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंच्या दर्शनास आली आणि नमस्कार करायला विसरून हातातली पिशवी तिने त्यांच्या पुढ्यात आपटली. गुरू ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. पिशवीतून महाविद्यालयांची चकचकीत माहितीपत्रके घसरत चिंचोक्यांवर पसरली.

"गुरुजी, मी अगदी वैतागले," ती म्हणाली. "सगळीच महाविद्यालयं उत्तम आहेत. वाईट म्हणून एकही नाही. मग माणसानं निवडायचं तरी कसं?"

तिचा वैताग समजण्यासारखा होता. प्रत्येक पत्रकावर तीच हसरी मुलगी, तीच हिरवळ, आणि कोपऱ्यात ठळक अक्षरात छापलेली श्रेणी. सर्वांगीण विकास तर सर्वत्र. ज्या महाविद्यालयात प्यायच्या पाण्याची सोय नाही तेसुद्धा सर्वांगीण विकास करते! हे वाचून शहाण्या माणसाचे डोके फिरेल. आणि हिला तर एकदाच निवडायचे होते.

ती काही कोवळी मुलगी नव्हती. बारावीनंतर लग्न झाले आणि शिक्षण राहून गेले. गणिताची शिक्षिका व्हायचे, एवढी एकच इच्छा तिने इतकी वर्षे सांभाळली होती. आता कुठे सासूबाई म्हणाल्या होत्या, "पदवी होईपर्यंत मुलांचं मी बघते. पण एकदाच हं. पुन्हा मागू नकोस." म्हणजे ही संधी वाया गेली की विषय संपला.

"पदवी काय, कुठेही मिळेल," ती म्हणाली. "पण पोरांना चुकीचं शिकवणारी बाई मला व्हायचं नाही, गुरुजी."

गुरूंनी हात पुसले. "यांच्या मान्यता खऱ्या आहेत का, पाहिलेस?"

"विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर एकेक तपासली. तीनच ठेवलीत. एक तालुक्याचं महाविद्यालय, त्याला सर्वांत वरची श्रेणी आहे. दुसरा घरबसल्या मोबाइलवर शिकवणारा अभ्यासक्रम, एका व्यापाऱ्याचा, पण विद्यापीठाची रीतसर परवानगी आहे. तिसरं दूरशिक्षण, त्याचं केंद्र दर रविवारी नगरपालिकेच्या शाळेत भरतं."

"हे उत्तम केलेस. मान्यता नसेल तिथे पाऊलही टाकायचे नाही. आता असे कर. या तिन्ही ठिकाणी जा आणि ठणकावून सांग की भागाकार केला की संख्या नेहमी लहानच होते."

"पण ते चूक आहे!"

"चूक आहे म्हणूनच सांग. आपण होऊन दुरुस्त करू नकोस. कोण काय म्हणते ते ऐक आणि मला येऊन सांग."

शिष्येला राग आला. सल्ला मागायला यावे आणि गुरूंनी आपल्याला चारचौघांत मूर्ख ठरवण्याची व्यवस्था करावी, हा कुठला न्याय? पण गुरूंनी पुन्हा चिंचा हातात घेतल्या होत्या. त्यांच्याशी वाद घालणे व्यर्थ असते, हे तिला शाळेत ते संस्कृत शिकवत तेव्हापासून ठाऊक होते.

ती प्रथम महाविद्यालयात गेली. तिथे मोठी धांदल होती. दुसऱ्या दिवशी श्रेणी ठरवणारी मूल्यांकन समिती यायची होती. भाड्याच्या कुंड्या जिन्यावर चढत होत्या, ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ झटकली जात होती, आणि प्राध्यापक मंडळी वर्ग सोडून फायली शोधत फिरत होती. गणिताचे विभागप्रमुख मोठे सौजन्यशील गृहस्थ. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिने आपले वाक्य म्हटले.

"वा! अगदी योग्य निरीक्षण," विभागप्रमुख फाइल चाळत म्हणाले. "अशीच जिज्ञासू विद्यार्थिनी आम्हाला हवी. बरं, ताई, एक विनंती होती. उद्या सकाळी जरा येऊन वर्गात बसाल का? समितीसमोर बाकं रिकामी दिसायला नकोत. पांढरा ड्रेस घालून या, म्हणजे झालं."

अजून प्रवेशही न घेतलेल्या बाईला विद्यार्थिनी म्हणून बसवायचे, आणि तेही हसतमुखाने! शिष्या चहा तसाच ठेवून उठली.

मग तिने व्यापाऱ्याच्या अभ्यासक्रमाचा नमुना धडा मोबाइलवर उघडला. खाली शंकेसाठी चौकट होती. तिने त्यात तेच वाक्य लिहिताच पडद्यावर रंगीत फुगे उडाले आणि "शाब्बास! आपण योग्य मार्गावर आहात" अशी अक्षरे उमटली. पाठोपाठ फोन आला. पलीकडून कोणी मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची शंका आम्हाला फार आवडली. प्रवेश आजच करून टाकूया का?" तिने फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. त्यानंतर तो वाजतच राहिला आणि शेवटी सासूबाईंनी विचारले, कोण गं ही तुझी एवढी मैत्रीण?

रविवारी ती नगरपालिकेच्या शाळेत गेली. फाटकावर साधी पाटीही नव्हती. लिपिक आलाच नव्हता. पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसे गुडघे आखडून बसली होती आणि वर पंखा खडखडत होता. शिष्येने मनातल्या मनात हे ठिकाण तिथेच बाद केले. गणिताच्या बाई पडशाने बेजार होत्या. त्यांच्या एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात खडू. केवळ गुरूंचा शब्द म्हणून शिष्येने उभे राहून, शिक्षिका व्हायचे आहे, प्रवेशाआधी वर्ग पाहायला आले, असे सांगितले आणि आपले वाक्य म्हटले.

बाईंचा खडू फळ्यावर थबकला.

"काय? परत म्हणा."

तिने परत म्हटले.

"अहो, हे कुठून काढलंत?" बाई तिच्या बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या. "सहा भाकरी आहेत. प्रत्येकाला अर्धी वाढायची. किती माणसं जेवतील?"

"बारा."

"सहाला अर्ध्यानं भागलं, बारा आले. झाली का संख्या लहान? कमाल करता तुम्ही. शिक्षिका व्हायचं म्हणता आणि हे पोरांच्या डोक्यात भरणार? अर्ध्यानं भागायची तुमची रीत काय, सांगा बरं."

"अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं," शिष्या झटकन म्हणाली. इथे तरी आपली अब्रू राहील, असे तिला वाटले.

"का उलटा करायचा?"

बालपणापासून शिष्येने हजारो अपूर्णांक उलटे केले होते, आणि का करायचे हे तिला कोणी सांगितले नव्हते, तिनेही कधी विचारले नव्हते. चूक सोंगाची होती, हे अज्ञान मात्र खरे निघाले. तिचे कान तापले.

बाई जोरात शिंकल्या. "पुढच्या रविवारी याचं उत्तर शोधून यायचं. नाही सापडलं तरी यायचं, टाळायचं नाही. मी विचारणार आहे."

शिष्या तडक गुरूंकडे गेली. घडले ते सर्व तिने एका दमात सांगितले आणि शेवटी म्हणाली, "कळलं, गुरुजी. श्रेणी सगळ्या खोट्या. महाविद्यालयं नुसता देखावा, आणि दूरशिक्षणच खरं."

आता वैतागण्याची पाळी गुरूंची होती.

"हेच तुम्हा लोकांचे चुकते!" ते म्हणाले. "एक शिक्का काढता आणि लगेच दुसरा मारता. श्रेणी खोटी नसते गं. ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहे, प्राध्यापकांच्या पदव्या आहेत, एवढे ती सांगते, आणि ते जाणून घेणे आवश्यकच आहे. पण तुझ्या चुकीने तिथे कोणाचा जीव कासावीस होईल, हे कोणतीही समिती मोजू शकत नाही. ते ज्याचे त्याने जाऊन पाहावे लागते. त्या महाविद्यालयातही एखादा चिडणारा प्राध्यापक असेल, परवा तो बिचारा कुंड्या उचलत असेल. आणि उद्या या बाईंची बदली झाली तर त्या रविवारच्या केंद्रात नुसता पंखा उरेल. चुकीला जो छान म्हणतो त्याला तुझा प्रवेश हवा आहे. चुकीवर जो वैतागतो त्याला तू हवी आहेस. निवडताना एवढे पाहा. बाकीची पत्रके मी चिंचा बांधायला घेतो."

शिष्या हळूच म्हणाली, "पण मी त्यांना फसवलं, गुरुजी. पडसं झालेलं असताना त्या माझ्यासाठी घसा फोडत होत्या."

"मग ते त्यांनाच सांग," गुरू म्हणाले.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू होण्यापूर्वी तिने बाईंना सर्व सांगून टाकले. ते वाक्य खोटे होते, गुरूंनी परीक्षा पाहायला पाठवले होते, वगैरे. बाईंचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे माझी परीक्षा घेत होतात? वर्गाचा वेळ काय फुकटचा आहे?"

"चुकलं माझं."

बाईंनी खडू उचलला. मग त्यांनी विचारले, "आणि उलटा का करायचा, ते येत नव्हतं, तेही सोंगच होतं का?"

"नाही. ते खरंच येत नव्हतं. आठवडाभर डोकं लावलं, अजूनही नीट येत नाही."

"मग उभ्या काय राहिलात? बसा," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. "जेवढं सुचलं तेवढं सांगा. चुकलं तर मी आहे."

शिष्या त्या बुटक्या बाकावर बसली आणि चाचरत बोलू लागली. दुसऱ्याच वाक्याला बाईंनी तिला अडवले, आणि तिला मनापासून हायसे वाटले.