हाडाचा काटा

फार मागची गोष्ट. पाथरडोहात तेव्हा माणसं थोडी आणि बाभळी उदंड. काटा मोडला की लोक ठकूबाईकडे धावायचे. असं म्हणतात की तिची सुई जवळ आली की काटा आपणहून वर यायचा. गावानं तिला डोक्यावर घेतलं, आणि खरं सांगायचं तर तीही खुशाल चढून बसली.

सारजा कुंभारीण तिची लहानपणची मैत्रीण. मडक्यांचं डालगं डोक्यावर घेऊन, अनवाणी, खडकाळ माळावरून ती चार कोस बाजाराला जायची. बाजार म्हणजे तिचा जीव की प्राण. एकदा ती लंगडत आली.

"ठके, सकाळी पाय टेकला की टाचेत काटा घुसतो बघ. जरा चाललं की गप बसतो."

"बस खाली. माझ्या सुईतनं कुठं सुटतोय त्यो!"

ठकूबाईनं टाच कोरली. काटा नव्हता. "इथं काटा न्हाई" एवढे तीन शब्द बोलायचे होते, पण ते तिच्या तोंडून निघेनात. तिनं तीनदा कोरलं, शेवटी बिब्बा तापवून डागलं. टाच चिघळली. जखम कशीबशी भरली, पण सारजाचा तो पाय पुन्हा धड जमिनीला टेकला नाही. बाजाराच्या दिवशी ती उंबऱ्यात बसून जाणाऱ्यांकडे बघत राही. ठकूबाईला मात्र ती कधी चकार शब्द बोलली नाही. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं ठकूबाईला वाटे.

काही वर्षांनी सारजा गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडताना ठकूबाईच्या हाताला टाचेचं हाड लागलं. त्याला खालून कोंबड्याच्या नखीसारखं टोक फुटलेलं होतं. काटा होता, पण तो बाहेरून आलेलाच नव्हता.

ठकूबाईनं सुई डोहात टाकली. मग सारजाचं डालगं उचललं आणि त्याच माळावरून अनवाणी बाजाराला जाऊ लागली. असं म्हणतात की बारा वर्षं ती चालली, खडकाला टाचेएवढे खळगे पडले, ते अजून दाखवतात. शेवटी एका सकाळी तिच्याही टाचेत तसाच काटा घुसला, आणि ती रडता रडता हसली.

आता तिला समजलं. ओझ्यानं तळव्याची शीर ताणली जाते, रोज हाडाला ओढते, आणि ओढ लागते तिथंच हाड वाढतं. मग तिनं स्वतःच्याच पायावर उपाय करून पाहिले. ओझं अर्धं केलं, वहाणेत टाचेखाली मऊ कातड्याची घडी घातली, टाच शेकली, पाऊल टाकण्याआधी तळवा ताणला. हळूहळू कळ ओसरली. पुढं लांबलांबून लंगडत आलेली माणसं तिच्या दारातून सरळ चालत गेली, असं म्हणतात. कुणी पाया पडू लागलं की ती पाय मागे घ्यायची. "जिला उठवायचं होतं, तिला मीच बसवलं," म्हणायची.

मरताना तिनं गावाकडून एक कबूल करून घेतलं. उपाय करताना माझं नाव घेऊ नका, सारजाचं घ्या, म्हणाली. म्हणून पाथरडोहात आजही माणसं सकाळी अंथरुणावरच बसून पायाची बोटं आपल्याकडे ओढून धरतात, दहा अंक मोजतात, आणि पाऊल खाली टेकवताना हलकेच म्हणतात, "ऊठ सारजे, बाजाराला उशीर होतोय."